नावात काय भरू, तात्या?

आमच्या भागात माणसाचं नाव आधी चुन्यानं भिंतीवर आलं, मग फ्लेक्सवर गेलं. फ्लेक्सवर ते फार तर वाऱ्यानं फडफडायचं. आता ते स्वतःच्या पायांनी हलतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात ज्याचा वाढदिवस आहे, ज्याच्या पोरीचं लग्न आहे किंवा ज्यानं नवा जेसीबी घेतलाय, त्याचं नाव मोबाईलच्या स्टेटसवर तीस सेकंद उडतं, गिरकी घेतं, फुटतं, पुन्हा जुळतं आणि शेवटी तुतारीच्या आवाजात मधोमध येऊन थांबतं. नाव उडवणं अवघड राहिलेलं नाही, मोबाईलवर शाळकरी पोरंसुद्धा ते करतात. अवघड आहे ते पुढचं. नावाची अक्षरं आतून पोकळ असतात आणि त्यांत काहीतरी भरावं लागतं. नुसता रंग भरलेला आता कुणाला चालत नाही. टेक्स्चर लागतं.

माझ्या भाच्याचा भिगवण रोडला हाच धंदा आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक एसी (तो कॉम्प्युटरसाठी, माणसांसाठी पंखा) आणि गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या. त्यांतल्या एका खुर्चीवर मी बऱ्याचदा असतो. गिऱ्हाईक आलं की भाचा विचारतो, "नावात काय भरू?" आणि मग जे सुरू होतं ते पाहायला लोकांनी खरं तर तिकीट काढायला हवं.

पहिली मागणी सोन्याची. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेल्यापासून ती जास्तच जोरात आहे, कारण प्रत्यक्षात जे अंगावर येत नाही ते नावावर तरी चढावं. अडचण इतकीच की सगळ्या तालुक्याचं सोनं एकाच खाणीतलं आहे. कुणीतरी कधीतरी नेटवरून उतरवलेलं सोन्याच्या पत्र्याचं एक चित्र पेन ड्राइव्हमधून पेन ड्राइव्हमध्ये फिरत सगळ्या दुकानांत पोचलंय. त्या पत्र्यावर डाव्या अंगाला एक बारीक ओरखडा आहे. माळेगावच्या बारशात, सणसरच्या दुकानाच्या उद्घाटनात, पळसदेवच्या क्रिकेट स्पर्धेत, जिथं जिथं सोनेरी नाव झळकतं तिथं तिथं पहिल्या अक्षराच्या खांद्यावर हा ओरखडा हजर. सराफ सोनं ओळखतो कसावर, मी ओळखतो ओरखड्यावर.

फुकटच्या सोन्याला आणखी एक खोड असते. विकणाऱ्या कंपनीनं त्यावर आपलं नाव फिकट अक्षरांत तिरकं छापलेलं असतं. ते सहसा दिसत नाही. पण वाढदिवसाचं नाव डावीकडून उजवीकडं सरकायला लागलं की त्या अक्षरांच्या पोटातून कंपनीची पाटी एकेक अक्षर करत वाचता येते. एका युवा नेतृत्वाच्या आडनावातून मी अख्खा वेबसाईटचा पत्ता जाताना पाहिलाय. शेवटचा 'डॉट कॉम' बरोबर 'साहेब' या शब्दात आला.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला थोडं यंत्रात डोकवावं लागेल. 'आफ्टर इफेक्ट्स' नावाचं सॉफ्टवेअर १९९३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स गावात जन्मलं. पुढं ते अडोबीकडं आलं आणि तिथून जगभरच्या नावं उडवणाऱ्यांकडं. त्यात तुम्ही गोल, चौकोन, बदाम काढा. 'फिल' म्हणा. रंग भरेल, एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा भरेल. फोटो मात्र भरणार नाही. फोटो वेगळ्या थरावर ठेवायचा आणि आकाराला सांगायचं, की तू आता दिसायचं नाहीस, तुझ्या हद्दीत येईल तेवढाच फोटो दिसू दे. याला 'ट्रॅक मॅट' म्हणतात. २०२२ च्या ऑक्टोबरापर्यंत नियम असा होता की मॅट फोटोच्या लगेच वरच्याच थरावर पाहिजे. मध्ये तिसरा थर घुसला की तोच मॅट होऊन बसायचा आणि नवरदेवाच्या नावात सोन्याऐवजी भलतंच काही तरंगायचं. आता कुठलाही थर निवडता येतो. भाचा तरी जुन्या सवयीनं दोघांना चिकटूनच ठेवतो. भरवसा नाही म्हणतो.

आता बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत खिडकीशी बसा. खिडकी पुढं जाते, बाहेरचा ऊस जागच्या जागी असतो आणि खिडकीच्या चौकटीत तो मागं मागं पळताना दिसतो. मॅटचं नेमकं हेच आहे. अक्षर ही खिडकी, सोनं हा रानातला ऊस. अक्षर हललं म्हणून सोनं हलत नाही. पुढं सणसरच्या अलीकडं एसटीला ट्रॅक्टर आडवा येतो, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं मोठ्या आवाजात गाणं. ट्रॉली जाईल तिकडं तिच्यातला ऊस जातो. खड्ड्यात ट्रॉली आदळली की ऊसही आदळतो. गिऱ्हाइकाला ही ट्रॉली हवी असते आणि भाच्याकडून पहिल्या खेपेला खिडकी निघते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "हे काय झालंय? नाव फुडं गेलं आन् सोनं मागंच राह्यलं की."

त्यावर इलाज आहे. सोनं अक्षराला दत्तक द्यायचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला 'पॅरेंट' करणं म्हणतात, आणि एकदा पालकत्व लागलं की अक्षर सरकेल तसं सोनं सरकतं, फिरेल तसं फिरतं, वाढेल तसं वाढतं. ओरखडाही वाढतो. पण अक्षराला रबरासारखा बाक आला तर मात्र सोनं वाकत नाही. हा दत्तकविधी जागा, आकारमान आणि फिरणं एवढ्यापुरताच असतो, वळण लावणं त्यात येत नाही. घरोघरी तेच आहे म्हणा.

गंमत अशी की जगात काही लोकांनी ही खिडकी मुद्दाम केली. २००४ साली जपानमध्ये 'गांकुत्सुओ' नावाची मालिका आली, 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या द्यूमाच्या कादंबरीवरची. दिग्दर्शक माहिरो माएदा. त्यातली माणसं चालतात, वळतात, हात उडवतात, पण त्यांच्या झग्यांवरची भरजरी नक्षी जागची हलत नाही. माणूस आपल्याच कपड्यातून चालत गेल्यासारखा वाटतो. २००७ साली कार्टून नेटवर्कवर 'चाऊडर' आला, त्यातल्या बल्लवाचार्यांच्या कपड्यांचंही तसंच. समीक्षकांनी या दोन्हींचं कौतुक केलं. भाच्यानं हे वाचून ठेवलंय. पुढच्या वेळी सोनं मागं राहिलं तेव्हा त्यानं गिऱ्हाइकाला छाती काढून सांगितलं, "ही जपानी स्टाइल आहे, आप्पा." आप्पा शांतपणे म्हणाले, "मग पैसं बी येनमधी घे."

सोन्यानंतर येतो ऊस. आणि इथं खरं तर भाच्याचा धंदा बुडायला हवा होता, कारण सोन्याच्या बाबतीत आम्ही अडाणी असू, उसाच्या बाबतीत नाही. नेटवर ऊस शोधला की निम्मा बांबू येतो. उरलेल्यात बरंचसं ब्राझील. भाच्यानं त्यातलाच एक हिरवागार फोटो तात्या म्हणून एका ऊसवाल्या गिऱ्हाइकाच्या नातवाच्या नावात भरला. तात्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले, परत आले.

"जात कंची?"

"टेक्स्चर आहे, तात्या."

"ते मला बी दिसतंय. जात कंची? शहाऐंशी बत्तीस तर न्हाय. दोनशे पासष्ट बी वाटंना. कांड्या बघ की."

को ८६०३२, म्हणजे 'नीरा', १९९६ साली शिफारस होऊन आमच्या रानांत आली. फुले २६५ नंतरची. या दोन जातींवर इथली निम्मी लग्नं झाली आहेत. माणूस आपल्या मेव्हण्याला गर्दीत चुकेल, पण कांडीला चुकणार नाही. शेवटी भाचा कॅमेरा घेऊन तात्यांच्या रानात गेला, तात्यांनी दाखवलेल्या सरीत उभा राहिला, पाचटानं हातावर ओरखडे घेऊन आला (हे ओरखडे तरी अस्सल) आणि एका फोटोचे तुकडे शेजारी शेजारी जुळवून त्यानं मोठा पट तयार केला. या कलेत जोड दिसू न देणं याला फार महत्त्व. जोड दिसली नाहीच. तात्या म्हणाले, "चांगलंय. पण हे एकच बेट सगळीकडं लावलंयस तू." सॉफ्टवेअरच्या भाषेत याला पॅटर्न रिपीट होणं म्हणतात आणि शिकलेल्या डिझायनरच्या डोळ्यालाही ते चटकन दिसत नाही. "आन् सरी केवढी? पाच फुटी कर. हवा खेळाय पाहिजे." भाच्यानं स्केल वाढवून नातवाच्या नावात पाच फुटी सरी काढली.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. शहरातला माणूस टेक्स्चर बघतो. इथला माणूस तपासतो. ज्याचं सगळं आयुष्य पानाचा, फळाचा, मातीचा पोत बघून औषध ठरवण्यात गेलं, त्याच्यासमोर तुम्ही सजावट म्हणून पोत ठेवला तर तो रोगनिदानच करणार. निमगाव केतकीच्या पानमळेवाल्याच्या दुकानासाठी बदामाच्या आकारात विड्याचं पान भरलं, तर त्यानं आधी पान खालच्या बाजूनं दाखव म्हणून सांगितलं.

यातला सगळ्यात मोठा स्फोट डाळिंबावर झाला. इंदापूरकडचे एक अण्णा डाळिंबाच्या पॅकिंगच्या व्यवसायासाठी लोगो फिरवून घ्यायला आले. गोल आकार, त्यात भगव्या डाळिंबाची साल, गोल फिरत पुढं येतो आणि त्यातून नाव निघतं. कल्पना चांगली होती. पण भाचा त्या आठवड्यात कुठल्यातरी परदेशी ट्यूटोरियलच्या प्रभावाखाली होता. त्या मंडळींना कुठलीच गोष्ट स्वच्छ चालत नाही. वरून डाग, ओरखडे, गंज, शाईचे शिंतोडे असा एक थर चढवतात. त्याला 'ग्रंज' म्हणतात आणि त्यानं म्हणे वस्तूला चारित्र्य येतं. भाच्यानं डाळिंबावर काळपट तेलकट डागांचा थर चढवला, 'मल्टिप्लाय' केला आणि अभिमानानं प्ले दाबलं.

अण्णा खुर्चीतून उठलेच. "तेल्या! आरं तेल्या पडलाय की ह्याच्यावर!"

तेल्या म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा. तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं आणि बघता बघता बाग हातची जाते. त्या नावानं इथं भल्याभल्यांची झोप उडालेली आहे.

"तेल्या नाही अण्णा, ग्रंज आहे. इंटरनॅशनल लूक."

"इंटरनॅशनल? आरं, हे बगून युरोपातला माणूस कंटेनर बंदरावरनंच माघारी लावंल."

भाच्यानं डाग काढले. तरी सवयीनं पडद्यावर हलका दाणा ठेवला, जुन्या सिनेमाच्या रिळासारखा. तेवढ्यात उसाचं काम बघायला आलेले तात्या मागून म्हणाले, "आन् ह्यो मावा कसला?" ज्यांनी २००२ च्या सुमाराचा लोकरी मावा उसाच्या पानांवर पाहिलाय त्यांना पांढरे ठिपके कलात्मक वाटणं शक्य नाही. भाच्याच्या कॉम्प्युटरवर आता 'ग्रंज' या फोल्डरचं नाव 'फवारणी' आहे.

लग्नसराईत कारभार बायकांच्या हातात जातो. एका पत्रिकेच्या व्हिडिओत नवरीच्या नावात पैठणी भरायची, हे नवरीच्या मावशीनं ठरवलं होतं. मोरांचा पदर, नारळी काठ, सगळं भरलं. मावशीनं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "सेमी दिसतेय. उलटी करून दाखव." हातमागावरच्या खऱ्या पैठणीची खूण हीच, की काठ-पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागं दोरे लोंबत नाहीत. आता सॉफ्टवेअरमधली पैठणी उलटी कशी करायची? भाच्यानं थर त्रिमितीत टाकला आणि उभ्या अक्षावर एकशे ऐंशी अंश फिरवला. सॉफ्टवेअरमधल्या थराला जाडी नसते, मागून पाहिलं की पुढचंच चित्र आरशातल्यासारखं दिसतं. मोर तितकेच सुबक, दोरा एकही नाही. मावशी खूश. "हां, आता खरी." पैठणी खरी ठरली, पण नवरीचं नाव उलटं झालं. मावशीनं ते चालवून घेतलं असतं. नवरीनं नाही घेतलं.

याच लग्नांचं प्री-वेडिंग हल्ली उजनीच्या पाण्यावर होतं. भिगवण, कुंभारगावला थंडीत रोहित पक्षी उतरतात, नावेतून जोडपं फिरतं, आणि मग भाच्याकडं मागणी येते की बदामाच्या आकारात फ्लेमिंगो भरा. भाचा रंग चढवतो. मूळ पक्षी लांबून बराचसा पांढराच दिसतो, गुलाबी उघडतो तो पंख उघडल्यावर. व्हिडिओत तो गुलकंदासारखा झाला. तो पाहून नावाडी म्हणाला, हा पक्षी आमच्याकडं आलाच तर आम्ही त्याला दवाखान्यात नेऊ.

एका बाबतीत मात्र खिडकीनं भाच्याला तारलं. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून सणसरकडं निघते तेव्हा वाटेत काटेवाडीला परीटमंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. शेकडो मेंढ्या पालखीला गोल गोल धावतात. गावातल्या एका मंडळाला स्वागताच्या व्हिडिओत 'काटेवाडी' या अक्षरांत तेच रिंगण हवं होतं. म्हणजे फोटो नव्हे, चालता व्हिडिओ टेक्स्चर म्हणून. अक्षरं जागेवर, आत मेंढ्या धावतायत. मिळालेलं चित्रण होतं काही सेकंदांचंच, ते पुन्हा पुन्हा जोडावं लागलं, आणि अशा जोडाशी चित्राला हमखास गचका बसतो. इथं बसला, पण कुणालाच कळला नाही. मेंढी डावीकडून गेली आणि उजवीकडून आली, तर रिंगणात चूक कुठली काढणार? फक्त 'का'च्या कान्यात एक कुत्रं दर थोड्या वेळानं एकाच ठिकाणी एकाच मेंढीवर भुंकत होतं. मंडळाच्या अध्यक्षांना ते फार आवडलं. कुत्र्याचा मालक ओळखीचा निघाला.

अक्षरांवरून आठवलं. ही सगळी सॉफ्टवेअरं रोमन लिपीच्या हिशेबानं वाढलेली. तिथली अक्षरं एकेकटी राहतात, एकेकटी उडतात. आपली शिरोरेषेला धरून उभी. "एकेक अक्षर वेगळं उडव" असं मराठी नावाला सांगितलं की कुटुंबात फूट पडते. शिरोरेषेचे तुकडे होतात, आतलं सोनं प्रत्येक तुकड्यात वेगळीकडून सुरू होतं. जुन्या फॉन्टमध्ये तर वेलांटी आधी टंकायची आणि अक्षर नंतर, त्यामुळं 'चि.' उडत येताना वेलांटी मांडवात हजर आणि 'च' अजून वाटेत. 'शुभेच्छा'मधला अर्धा 'च' एकदा पडद्याबाहेर गेला तो परत आलाच नाही. आता नवी सॉफ्टवेअरं सुधारली आहेत, देवनागरी बरीच नीट कळते त्यांना, पण फुकट मिळालेले सुंदर फॉन्ट नेमके जुने असतात.

आणि बारामतीनं असल्या अडचणीला घाबरण्याचं कारणच नाही. ठरलेल्या आकारात हवं ते भरून दाखवण्याचा उद्योग या गावात अडीचशे वर्षं जुना आहे. मोरोपंत पन्हाळ्याचे, पण बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत राहिले आणि १७९४ साली इथंच गेले. आर्येचा साचा ठरलेला, मात्रा मोजलेल्या, आणि त्यात या माणसानं कितीतरी रामायणं निरनिराळ्या पोतांची भरली. 'निरोष्ठ रामायण' तर असं की त्यात ओठ मिटावे लागतील असं अक्षरच घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म, सगळी हद्दपार. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! 'बारामती'ही म्हणता आलं नसतं. कुठल्या सॉफ्टवेअरची टाप आहे? त्यांचं एक 'परंतु रामायण'ही आहे, पण त्या प्रकारात भाच्याची गिऱ्हाइकं पंतांच्या पुढं गेली आहेत. "लय भारी झालंय, पण…" याशिवाय इथं एकही व्हिडिओ पास झालेला मी पाहिला नाही.

तात्यांच्या नातवाचा व्हिडिओ मात्र अखेर पास झाला. नावात तात्यांचाच ऊस, पाच फुटी सरी, ट्रॉलीसारखा नावाबरोबर चालणारा. शेवट भाच्यानं खास केला होता: कोयत्याचा खणखणाट होतो, अक्षरांतला ऊस एका बाजूनं तुटत जातो, मोळ्या पडतात आणि रिकाम्या अक्षरांत केकचा फोटो येतो. तात्यांनी तो तीनदा बघितला, खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा त्यात ठेवला आणि उठले.

"तात्या, पैशाचं?"

"उसाचं बिल निघालं की देतो."

कायद्यानं, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे मिळायला हवेत. हे भाच्याला पाठ आहे, कारण त्याची सगळी उधारी त्याच तारखेला टांगलेली असते. त्यानं बोटं मोजली.

"ऊस कधी गेला?"

"गेलाय कुठं? तोडच आली न्हाय अजून."

"अहो, व्हिडिओत तर तोड झालीया."

"झाली ना?" तात्या दारातून म्हणाले. "मग त्याचं बिल त्या कॉम्प्युटरकडनं घे."